‘आलेच’ न म्हणणारी कृपयाताई

भांडण चाललं होतं ते कुजबुजत. नवराबायकोचं खरं भांडण कुजबुजतच चालतं. मोठ्यानं चालतं ते शेजाऱ्यांसाठी. दवाखान्याच्या लांबलचक खोलीत अगदी शेवटच्या खाटेवर सात वर्षांची एक मुलगी डोळे मिटून पडली होती. घशातल्या गाठी त्याच दिवशी सकाळी काढलेल्या. आईबापांना वाटलं, पोर अजून झोपेत आहे. पोर जागी होती. घसा असा सोलवटला होता की रडायचीही सोय नव्हती, म्हणून ऐकत होती.

“‘आलेच मी पाठोपाठ’ म्हणालीस तिला,” बाप म्हणत होता. “कशाला म्हणालीस?”

“मग काय म्हणायला हवं होतं? मला दारातच अडवणार आहेत, असं सांगू?”

“पोरगी मान वळवून वळवून मागं बघत होती. दार लागेपर्यंत बघत होती.”

“तुम्ही कुठून पाहिलंत? तुम्ही तर बाहेर वारा खात उभे होतात.”

“मी वारा खात नव्हतो.”

“मग काय खात होतात?”

बापानं पोरीचं पांघरूण सारखं केलं. मग आई म्हणाली, “आणि ‘आलेच’ म्हणजे काही लगेच येणं थोडंच असतं? बोलायची पद्धत असते ती.”

तेही खरंच. घरोघरच्या बायका दिवसातून कितीदा तरी ‘आलेच’ म्हणतात. म्हणतात आणि दूध उतू जाईपर्यंत बसतात, कपडे वाळत घालतात, शेजारणीचं गाऱ्हाणं ऐकून घेतात, मग येतात. त्याचा राग कुणी धरत नाही. त्या मुलीनं मात्र धरला. आईचा नाही धरला, त्या शब्दाचा धरला. पुढं जन्मात तिच्या तोंडून ‘आलेच’ कुणी ऐकलं नाही. यायचं असेल तर ‘येते’ म्हणायची, नसेल तर ‘नाही येत’ म्हणायची. लग्नाआधी तिला बघायला आलेल्या एका घरच्या मंडळींनी ‘याल ना आमच्याकडे?’ असं विचारलं, तर ‘वाटत नाही’ म्हणाली. ते स्थळ तिथंच संपलं.

अशा मुलीनं काय व्हावं? तर ती बसस्थानकावर घोषणा करणारी बाई झाली.

घोषणा करायची जागा म्हणजे स्थानकाच्या मधोमध काचेची एक खोली. पंखा एक, खुर्च्या दोन, त्यातली एक हलणारी. टेबलावर मान वाकडी करून उभा असलेला माइक, त्याच्या डोक्यावर स्पंजाची टोपी, बुडाशी काळं बटण. बटण अंगठ्यानं दाबून धरायचं आणि बोलायचं. अंगठा उचलला की आवाज बंद. शेजारी झाकण ठेवलेला कोमट पाण्याचा पेला. बाहेर फलाटांवर खांबांना बांधलेले कर्णे. त्यातून दिवसभर एकच आवाज: “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.” हा ‘कृपया’ ती असा सरळ, संथ म्हणायची की भांडणारी माणसंही वाक्य अर्धं सोडून वर बघत. त्यावरून गाव तिला कृपयाताई म्हणू लागलं. तिचं तोंड पुष्कळांना ठाऊक नव्हतं. भाजीवालीशी भाव करताना ती दोन शब्द बोलली की भाजीवाली चमकून विचारायची, “अहो, तुम्ही त्या बसवाल्या काय?” आणि भाव न करताच एक जुडी जास्त टाकायची.

तिच्या आईचं मत असं की गाठी काढल्या म्हणून आवाज मोकळा झाला, तेव्हा त्याचं श्रेय दवाखान्यात नेणाऱ्याला आहे. नेलं कुणी, तर आईनं.

कामावर तिची एकच खोड होती, आणि तिनं कंट्रोलर साहेब बेजार झाले होते. गाडीला उशीर झाला की साहेब सांगायचे, “म्हणा, गाडी येतच आहे.” ती विचारायची, “कुठं आहे?” साहेब म्हणायचे, “ते कुणाला माहीत?” की ही बटण दाबून सांगणार, “पुलापलीकडून येणारी गाडी उशिरा येईल. किती उशिरा, ते अजून समजलेलं नाही. समजलं की सांगू.”

“अहो, लोक चिडतील,” साहेब म्हणायचे.

“चिडू देत की. बसून चिडतील. येतच आहे म्हटलं की बिचारे सामान घेऊन उभे राहतात.”

आणि लोक खरंच बसायचे. शिव्या द्यायचे, पण बसून द्यायचे.

नवरा तिला याच काचेतून मिळाला. डेपोत गाड्यांच्या पोटाखाली झोपून काम करणारा मिस्त्री तो. दिवसभर उताणा, वर इंजिन आणि कानात हिचा आवाज. एके दिवशी अंग पुसून चौकशीच्या खिडकीशी आला आणि विचारता झाला, “कारखान्याकडं जाणारी गाडी कधी सुटेल?” दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “मिस्त्रींनी सोडली की सुटेल.”

“कोण मिस्त्री?”

“तुम्हीच. कपाळाला ग्रीस आहे. आणि ती गाडी तीन दिवस तुमच्याच खड्ड्यावर उभी आहे.”

लग्न झालं. पुढं मुलगी झाली. मुलीचं नाव कागदावर काही का असेना, घरात ती शेपटी. कारण आई जिथं जाईल तिथं मागं. आई न्हाणीघरात गेली तर दाराबाहेर बसून आतल्या पाण्याचा आवाज ऐकणार. नुकती बोलायला लागली तेव्हा बापानं तिला स्थानकावर नेलं, तर खांबावरच्या कर्ण्याकडं बोट करून ‘आई’ म्हणाली आणि तो काही केल्या खाली उतरत नाही म्हणून रडली. मोठी झाल्यावर तिचा खेळही एकच. पलंगावर उशा मांडायच्या, बाहुल्या बसवायच्या, आणि आईनं खाटेच्या दांड्यावर अंगठा ठेवून, घोषणेच्या आवाजात गाडी सोडायची. आई थकलेली असली तरी सोडायची. एरवी घरातला तिचा आवाज निराळा होता. बारीक, घाईचा, मधेच चिरकणारा. मिस्त्री म्हणायचा, “गावाला तूप आणि आम्हाला ताक.”

शेपटी सहा वर्षांची झाली आणि तिच्या जांघेत बोराएवढी गाठ दिसायला लागली. खोकली की बाहेर, निजली की आत. डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, हर्निया आहे, लहानसं ऑपरेशन, त्याच दिवशी संध्याकाळी घरी. मिस्त्रीला ‘लहानसं’ ऐकू आलं. कृपयाताईला ‘ऑपरेशन’ ऐकू आलं. ते लांब दार, ती मागं वळलेली मान. ऑपरेशनचं भय तिला होतंच, पण त्याहून मोठं होतं ते हे: आपली पोर त्या दारातून एकटी जायची नाही. डोळा लागेपर्यंत आपण तिथं असायचं. नुसतं म्हणायचं नाही, असायचं.

ती भांडायची तयारी करून दवाखान्यात गेली. कोण काय म्हणेल, त्यावर आपण काय म्हणायचं, सगळं मनात घोळवून ठेवलं होतं. भुलीच्या डॉक्टरीणबाई ठेंगण्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, पायांत पांढरे बूट. त्यांनी शेपटीची जीभ बघितली, छाती ऐकली, हलणारा दात कुठला ते विचारलं आणि मान वर न करता म्हणाल्या, “आत कोण येणार? आई की बाबा?”

कृपयाताईचं सगळं भांडण वाया गेलं.

“येऊ देता?”

“हल्ली देतो. सोबत आपलं माणूस असलं की पोरं शांत असतात, आमचंही काम सोपं होतं. दोघंही या. पण बोलायचं एकानंच. दोन्हीकडून दोघं बोलायला लागले की मूल गोंधळतं.”

“मग दुसऱ्यानं काय करायचं?” मिस्त्रीनं विचारलं.

“पाय धरायचे.”

“कुणाचे?”

“मुलीचे हो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. मग त्यांनी चष्मा लावला. “आता नीट ऐका. मास्कमधून औषध जातं. जाताना तिचे डोळे वर फिरतील, हातपाय थोडे झटकतील, घोरल्यासारखा आवाज येईल. बघायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं ते. तेव्हा रडायचं नाही, ओढायचं नाही. रडू आवरत नसेल तर सिस्टर बाहेर नेतील, आणि नेलं की परत आत नाही. तिच्याशी बोलत राहा. कान सगळ्यात शेवटी झोपतात.”

“आणि उठताना?”

“शुद्धीवर यायला लागली की बोलावू. पण पहिला चेहरा सिस्टरचाही असू शकतो. त्याचं वचन देत नाही.”

हे बोलणं कृपयाताईला फार आवडलं. रस्त्यातच तिनं शेपटीला सगळं जसंच्या तसं सांगितलं: झोपेपर्यंत मी, मग मी बाहेर, उठताना कदाचित सिस्टर आणि मग मी. शेपटीनं ‘बरं’ म्हटलं. काम झालं असं वाटलं.

संध्याकाळी आजी आली. आजी म्हणजे ती दवाखान्यात कुजबुजणारी, आता केस पिकलेली, पण जिभेचा तिखटपणा जिथल्या तिथं. आल्या आल्या तिनं जिन्यातच शेजारणीला सांगितलं, “उद्या पोरीला भूल देणार आहेत.” शेपटी पायरीवर बसून बाहुलीचा बूट काढत होती. तिनं ऐकलं. आत येऊन बापाला विचारलं, “बाबा, भूल म्हणजे काय?”

बाप पाण्याच्या नळाचा वायसर बदलत होता. तोंडात स्क्रू. “भूल म्हणजे भूल. माणूस भुलतो.”

“म्हणजे विसरतो?”

“हं, तसंच काहीसं. तो पाना दे बघू.”

तिनं पाना दिला आणि गेली. पान्यात लक्ष असलेल्या माणसाला आपण काय सांगून बसलो याचा पत्ता नसतो.

जेवणं झाली. कृपयाताई भांडी घासत होती, तर शेपटी ओट्याजवळ स्टूल ओढून त्यावर उभी. नेहमी बडबड करणारी, पण आज चिडीचूप. नुसती आईच्या तोंडाकडं टक लावून. मध्येच डोळे मिटायची, ओठ हलवायची, परत उघडून बघायची.

“काय गं बघतेस?”

“पाठ करतेय.”

“काय पाठ करतेस?”

“तुला.”

कृपयाताईच्या हातातलं ताट सुटलं. आजी बाहेरून ओरडली, “फुटलं काय?”

“इथं तीळ,” शेपटी बोटानं दाखवत म्हणाली. “इथं खड्डा. भुवई एक जाड. बाबांचं झालं, ते सोपे आहेत. आजीचं उद्या सकाळी करीन. भूल दिली की मी विसरणार ना सगळ्यांना? मग उठल्यावर तू आलीस तर मला कळायला हवं, तू आहेस ते.”

मिस्त्री दारात उभा होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. “अगं, मी तसं नव्हतो म्हणालो,” तो म्हणाला, पण म्हणाला तर तसंच होता.

दुसरी कुणी असती तर पोरीला छातीशी धरून ‘नाही गं राजा, काही विसरत नाही’ म्हणून मोकळी झाली असती. कृपयाताईनं हात पुसले, खाली बसली आणि विचार केला. मग म्हणाली, “मला लहानपणी भूल दिली होती. घशासाठी. मी कुणाला विसरले? आजीला विसरले?”

“नाही.”

“आजोबांना विसरले नाही. त्या दिवशीचं त्यांचं भांडणसुद्धा विसरले नाही.”

“कुठलं भांडण?” आजीनं बाहेरून विचारलं. तिचे कान असे की शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजायची.

“पण तुला वेगळी भूल दिली असेल,” शेपटी म्हणाली.

“असेल. ते मला माहीत नाही. उद्या डॉक्टरीणबाईंना विचारू. त्यांना माहीत असतं.”

“आणि त्या म्हणाल्या की विसरते, तर?”

“तर ऑपरेशन नाही करायचं. गाठ राहू दे.”

हे ऐकून शेपटीला झोप लागली. तिच्या आईला लागली की नाही, ते विचारायला नको.

सकाळी पोरीनं काही खायचं-प्यायचं नव्हतं, पाणीसुद्धा नाही. तेव्हा मिस्त्रीनंही काही खाल्लं नाही. “ती उपाशी आणि मी गिळू?” म्हणाला. आजी म्हणाली, “जावईबापू, एक घास घ्या, तुम्हाला उपाशी राहायची सवय नाही.” घेतला नाही.

दवाखान्यात शेपटीला मागून नाडीचा झगा घातला. डॉक्टरीणबाई आल्या तशी तिनं सरळ विचारलं, “तुमच्या भुलीत मी आईला विसरणार का?”

डॉक्टरीणबाईंनी आधी कृपयाताईकडं पाहिलं, मग खाली बसून पोरीकडं. “आमच्या भुलीत काय विसरतात, सांगू? आम्ही टोचलं, कापलं, शिवलं, ते. ते तुला ठाऊकच होणार नाही. आईबाबांना विसरलेलं एकही मूल मी पाहिलेलं नाही. उलट उठल्या उठल्या त्यांच्याच नावानं शंख करतात. सगळा मजला गोळा होतो.”

“नक्की?”

“नक्की.”

शेपटीनं आईकडं पाहिलं. आईनं मान हलवली. हे ती स्वतः ऐकत होती, पडताळलेलं होतं, त्यामुळं मान हलवायला हरकत नव्हती. जीव भांड्यात पडला. आजीनं नातीच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि बाकावर जाऊन बसली.

आणि मग तो घोटाळा झाला. तो कुणाच्याही ध्यानात आला नव्हता, डॉक्टरीणबाईंच्याही नाही.

शेपटीला ट्रॉलीवरून आत नेलं आणि तेवढ्यात आईबापांना बाजूच्या खोलीत कपडे चढवायला पाठवलं. हिरवा पायघोळ झगा, केसांवर कागदी टोपी, तोंडावर मास्क, पायांत कापडी पिशव्या. मिस्त्रीचा झगा मागं पुरेना, तो खेकड्यासारखा भिंतीला पाठ लावून चालला. दोघं आत आले. मोठा गोल दिवा, थंडगार हवा, कुठंतरी एक यंत्र टुक टुक करतंय. पाच-सहा माणसं, सगळी हिरवी, सगळ्यांचे नुसते डोळे.

शेपटी एकेक डोळे बघत होती. कृपयाताई जवळ गेली, तशी ती टेबलावर मागं सरकली.

“अगं, मी. आई.”

रात्रभर न झोपलेला घसा, वर कापडाचे दोन पदर, आणि घरातला तो बारीक आवाज. तोही थरथरत. शेपटीनं तीळ शोधला. तीळ मास्कखाली. खड्डा मास्कखाली. भुवया टोपीत गेलेल्या. पाठ केलेलं काहीच जागेवर नव्हतं.

“ही आई नाहीये,” ती म्हणाली. मग ओठ थरथरले. “सुरू झाली भूल. मी विसरले.”

“नाही गं सोन्या, मीच आहे, बघ ना माझ्याकडं…” कृपयाताई म्हणाली, आणि वाक्याच्या शेवटी आवाज फाटला. डोळे भरले. शेपटीनं दोन्ही हात पुढं करून तिला ढकललं. सिस्टरनं डॉक्टरीणबाईंकडं पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी दाराकडं पाहिलं, एवढंच, पण कृपयाताईला ते दिसलं. एवढ्या वर्षांनी दाराच्या आत आली होती, आणि आता आपल्याच रडण्यानं बाहेर जायची वेळ. मास्क खाली ओढावा म्हणून हात गेला, तर सिस्टर म्हणाली, “तो काढायचा नाही हं, ताई.”

तिचा हात तसाच खाली आला आणि टेबलाच्या लोखंडी कडेवर पडला. कड गार होती. अंगठा आपसूक तिच्यावर टेकला, आणि बटण दाबावं तसा दाबला गेला. हे तिनं ठरवून केलं नाही. पण अंगठा खाली गेला की पाठ ताठ व्हायची, मान सरळ व्हायची आणि घशातलं जे काही असेल ते बाजूला व्हायचं, ही इतक्या वर्षांची सवय.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.”

यंत्राजवळचा माणूस चमकून वळला. तो रोज त्याच स्थानकावरून यायचा.

शेपटी रडता रडता थांबली.

“फलाट क्रमांक दोनवर उभी असलेली, झोपेकडे जाणारी विनाथांबा गाडी थोड्याच वेळात सुटत आहे. गाडीचे चालक, भुलीच्या डॉक्टरीणबाई. वाहक, सिस्टर. प्रवासी, एक.”

“आई,” शेपटी म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. कर्ण्याकडं बोट करून म्हणायची तसं.

“प्रवाशाचे वडील पायापाशी उभे आहेत. त्यांनी प्रवाशाचे पाय धरावेत.”

मिस्त्रीनं पाय धरले. खरं म्हणजे पायांना धरून तो स्वतः उभा राहिला. पोटात अन्न नाही आणि डोळ्यापुढं गोल दिवा. एका सिस्टरनं मागून हळूच स्टूल सरकवलं आणि तो त्याच्यावर बसला, पाय न सोडता.

“तिकीट?” शेपटीनं विचारलं.

“तिकीट काढलेलं आहे. प्रवाशानं मास्क लावावा आणि मोठे श्वास घ्यावेत.”

डॉक्टरीणबाईंनी मास्क तिच्या तोंडाजवळ आणला. त्यांना कळलं होतं, आता आपण मधे बोलायचं नाही. शेपटीनं मास्क बाजूला सारला. “परतीची गाडी?”

सगळे कृपयाताईकडं बघायला लागले. ‘लगेच’ म्हणायला जीभ किती हलकी असते. अंगठा कडेवर होता. “परतीची गाडी आज आहे,” ती म्हणाली. “किती वाजता, ते अजून समजलेलं नाही. गाडी आली की घोषणा केली जाईल.”

“कोण करणार?”

“मीच.”

शेपटीनं स्वतःच्या हातानं मास्क तोंडावर धरला.

“गाडी सुटत आहे. उजव्या हाताला कारखाना. आता पूल. पुलाखाली पाणी. चालकानं वेग थोडा वाढवावा…” पोरीचे डोळे वर फिरले, एक हात झटकला, घशातून घरघर आली. सांगितलं होतं तसंच सगळं. घोषणेचा आवाज मात्र हलला नाही. “प्रवाशांनी खिडकीबाहेर हात काढू नये. सोबतची मंडळी सुखरूप आहेत…”

“ताई,” सिस्टर खांद्याला हात लावून म्हणाली, “झोपली ती.”

कृपयाताईनं घोषणा अर्धी कधी सोडली नव्हती. “आपले सामान विसरू नये. धन्यवाद,” म्हणाली, पोरीच्या कपाळाला मास्कवरूनच ओठ लावले, आणि मग अंगठा उचलला.

बाहेर येऊन ती बाकावर बसली. झगा तसाच अंगावर, आणि लहान मुलीसारखी हमसून रडली. मिस्त्री पलीकडं बिस्किटाचा अख्खा पुडा संपवत होता, आजीनं तो आधीच पिशवीत आणून ठेवला होता. आजीनं लेकीला रडू दिलं. मग म्हणाली, “गेली का नीट?”

“गेली.”

“मागं वळून बघत होती?”

कृपयाताईनं तोंड पुसलं. तेव्हा तिला कळलं की त्या दिवशी खाटेवर कोण जागं होतं, हे आईला आधीपासून माहीत असावं. “नाही,” ती म्हणाली. “मी समोरच होते ना.”

आजी तिच्या झग्याच्या सुटलेल्या नाड्या बांधायला लागली. “आम्हाला विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं,” ती म्हणाली. “दार लागलं की लागलं. तुझे वडील मागच्या खिडकीशी उभे होते, आतलं काही दिसतं का बघत. आणि मी म्हणाले, वारा खात होता.” गाठ जरा जास्तच घट्ट बसली. “तुझा तो आवाज बाहेरपर्यंत आला हो. ते पलीकडचे आजोबा पिशवी उचलून उठलेसुद्धा, गाडी सुटली म्हणून.”

बोलावणं आलं तेव्हा कृपयाताई धावली नाही, पण कुणाला वाट सोडायला लागली असेल तर ती सगळ्यांनी सोडली. शेपटी कुशीवर, ओठ सुकलेले, डोळे अर्धे मिटलेले. पहिला चेहरा सिस्टरचाच होता, कबूल केल्याप्रमाणे. आता मास्क नव्हता, टोपी नव्हती, तीळ आपल्या जागी होता. तरी कृपयाताईनं खाटेच्या दांड्यावर अंगठा ठेवला.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. झोपेकडून येणारी गाडी फलाटावर आलेली आहे.”

शेपटीच्या पापण्या हलल्या. मग कोरड्या घशातून, “लेट आली.”

“आली. उशिराबद्दल दिलगीर आहोत.”

शेपटीनं आईचा अंगठा मुठीत धरला आणि पुन्हा झोपली. दुसऱ्यांदा उठली तेव्हा बापाला ओळखलं, पाणी मागितलं, आणि आजीकडं बघून क्षीण आवाजात विचारलं, “ह्या कोण?”

आजीचा चेहरा पांढराफटक पडला. “अगं बाई, डॉक्टरना बोलवा कुणीतरी…” आणि मग तिला पोरीच्या ओठांचा कोपरा हललेला दिसला.

“आईवर गेलीय कार्टी,” आजी म्हणाली. कुणाच्या आईवर, ते तिनं सांगितलं नाही.

संध्याकाळी सगळे घरी.

आता त्याला बरेच दिवस झाले. बोराची जागा बुजली, तिथं नखाएवढा वण आहे. शेपटी तो कुणी न विचारताच दाखवते. ती अजून आईच्या मागं असते, पण पूर्वीसारखी नाही. मधे थोडं अंतर सोडते. शाळा सुटली की स्थानकावर येते आणि काचेच्या खोलीत हलणाऱ्या खुर्चीवर बसते. कंट्रोलर साहेबांशी तिची दोस्ती जमली आहे.

परवाही ती तिथंच होती. उन्हं कलली होती. कृपयाताईचं काम संपत आलं, दुसऱ्या पाळीची बाई चपला काढून आत आली. पुलापलीकडची गाडी आलेली नव्हती. साहेब सवयीनं म्हणाले, “म्हणा, येतच आहे,” आणि स्वतःच म्हणाले, “राहू दे, तुम्ही म्हणा तुमचं.” तिनं तिचं म्हटलं. बाहेरची माणसं खाली बसली.

मग तिचं रोजचं शेवटचं काम. घरी निघण्याआधी ती सगळ्या फलाटांवरून एक फेरी मारते. लोकांचं विसरलेलं गोळा करते, कपाटात ठेवते आणि घोषणा करून जाते. हे काम तिला कुणी दिलेलं नाही, पण आता ते तिचंच आहे.

“येतेस?” तिनं विचारलं.

“तू जाऊन ये,” शेपटी खुर्ची हलवत म्हणाली. “मी इथं बसते.”

कृपयाताई दारात जरा थांबली. “फेरी मारून येते,” म्हणाली आणि निघाली. पहिल्या फलाटावर काही नव्हतं. दुसऱ्यावर बाकाखाली एक काडी मोडलेली छत्री. तिसऱ्यावर खांबाशी टेकवलेली पाण्याची बाटली, निम्मी भरलेली, आणि पुढं लहान मुलाचा एक बूट, डाव्या पायाचा, बंद नीट बांधलेला. तिनं बूट झटकला, आतले वाळूचे दाणे काढले. परत येऊन तिन्ही वस्तू कपाटात मांडल्या, टेबलाशी वाकली आणि अंगठा बटणावर ठेवला.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. एक छत्री, एक पाण्याची बाटली आणि लहान मुलाचा डाव्या पायाचा बूट, या वस्तू चौकशी खिडकीत ठेवलेल्या आहेत. ज्यांच्या असतील त्यांनी घेऊन जाव्यात.”

अंगठा उचलला, पेला पालथा घातला, आणि हात पुढं केला. शेपटी खुर्चीवरून उतरली. दोघी निघाल्या.